अवीरच्या तंबूतली माफी: पाचापैकी चार, आणि एक का कापला

सरकारी माफीला तारे द्यायचे असतात का? मी देतेय. दुबईच्या देइरा भागातल्या एका कार्गो कंपनीत मी हिशेब बघते. कुठलीही गोष्ट फुकट आहे असं कोणी म्हणालं की माझी नजर आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते, ती खोड आता जायची नाही. २०२४ च्या सप्टेंबरात यूएईने व्हिसा संपूनही राहिलेल्यांसाठी माफी काढली, तेव्हा माझ्या माणसांपैकी दोघं त्यात अडकलेली होती. एक माझा मावसभाऊ, लांज्याचा, लादी बसवणारा. दुसरी आमच्या कुसैसच्या बिल्डिंगीत बेड स्पेस (भाड्याची एक खाट) घेऊन राहणारी नालासोपाऱ्याची पोरगी, पार्लरमध्ये काम करणारी. भावाला घरी जायचं होतं. पोरीचं ठरत नव्हतं. दोघांची कागदपत्रं माझ्याच पिशवीत होती, म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी माल काय आहे ते. माफी १ सप्टेंबरला सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबरला संपणार होती. मुदतवाढ मिळणार नाही असं बजावून झालं होतं, पण शेवटी राष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने ती ३१ डिसेंबरपर्यंत गेली. रेसिडेन्स व्हिसा संपलेला असो की व्हिजिट, रोजचा ५० दिरहमांचा दंड पूर्ण माफ. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, उशिरा केल्याचा दंड माफ, लेबर कार्डाचा माफ, देश सोडण्याचं शुल्क माफ. जायचं असेल तर आउटपास, म्हणजे देश सोडायचा परवाना, घ्यायचा आणि जायचं, पासपोर्टवर परत येण्याची बंदी बसत नव्हती. राहायचं असेल तर नोकरी देणारा मालक दाखवायचा आणि देशाबाहेर न जाता व्हिसा बदलून घ्यायचा.

रोजचे ५० ऐकायला किरकोळ वाटतात. वर्षाचे होतात १८,२५०. भावाची कंत्राटदार कंपनी कोविडनंतर गुंडाळली गेली. मालक फोन उचलेना, व्हिसा संपला, आणि हा शारजात मिळेल तिथे रोजंदारीवर लाद्या बसवत राहिला. इथले लोक अशा माणसाला ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलायचा, आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात जायचं नाही, आई वारली तरी फोनवरच रडायचं. त्याच्या दंडाचा आकडा चाळीस हजार दिरहमांच्या पलीकडे गेला होता, म्हणजे नऊ लाख रुपयांच्या वर. हातावर पोट असलेल्या माणसासाठी हा आकडा म्हणजे जन्मठेपच, कारण तो फेडायला काम करायचं तर व्हिसा हवा आणि व्हिसा हवा तर तो फेडायला हवा. त्यामुळे दंड माफ करण्याच्या मुख्य कामात ही सेवा पैकीच्या पैकी गुण घेते. एक दिरहमही भरावा लागला नाही. मी दोनदा विचारलं, काउंटरवरचा मुलगा हसला.

आता ज्यावर बहुतेकांची गाडी अडली ते सांगते. माफी एकच असली तरी दरवाजे वेगवेगळे होते. दुबईने दिलेला व्हिसा दुबईच्या इमिग्रेशनकडे, बाकी अमिरातींचे व्हिसे आयसीपीकडे, म्हणजे संघराज्याच्या ओळखपत्र-व्हिसा खात्याकडे. तुम्ही राहता कुठे याला काही अर्थ नाही. भाऊ राहायचा शारजात, पण त्याचा व्हिसा दुबईचा. हे ओळखायचं कसं? जुन्या व्हिसावर फाइल नंबर असतो. तो २०१ ने सुरू होत असेल तर दुबई, १०१ असेल तर अबू धाबी, ३०१ म्हणजे शारजा, ४०१ म्हणजे अजमान. भावाच्या रूमवरची अर्धी पोरं पहिल्या आठवड्यात टॅक्सी करून भलत्याच ठिकाणी जाऊन आली, नुसता हा नंबर न बघता. अबू धाबीवाल्यांसाठी केंद्रं होती अल धफ्रा, सुवैहान, अल मकाम आणि अल शहामा इथे.

दुबईत पुन्हा दोन फाटे. ज्याचं कधीतरी एमिरेट्स आयडी झालंय, त्याच्या बोटांचे ठसे सरकारकडे आहेत. त्याने कुठल्याही आमेर सेंटरमध्ये, म्हणजे दुबईच्या व्हिसा सेवा केंद्रात, जायचं, तिथूनच आउटपास निघायचा. ज्याचे ठसे नाहीत, म्हणजे प्रामुख्याने व्हिजिटवर आलेले आणि कधी रेसिडेन्स न झालेले, त्यांनी निघायचं असेल तर अवीरला, दुबई इमिग्रेशनने उभारलेल्या माफीच्या तंबूत, जाऊन ठसे द्यायचे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ठशांची गरज नव्हती. एवढं समजलं की निम्मी धावपळ वाचते. तरी सगळे अवीरलाच धावत होते, कारण टीव्हीवर तंबू अवीरचा दाखवत होते.

अवीर या नावाचीच भीती. दुबईचं मध्यवर्ती कारागृह तिथलंच, त्यामुळे कामगारांमध्ये ‘तो अवीरला गेला’ याचा अर्थ एकच. पोरीला मी म्हटलं, चल, उद्या अवीरला जाऊ, तर ती रडायलाच लागली. “ताई, आत घेतलं आणि बाहेर सोडलंच नाही तर?” तिची रूममेट तर म्हणाली की हा सगळा पकडायचा सापळा आहे. ही भीती नुसती अडाणीपणाची नाही. वर्षानुवर्षं गणवेश दिसला की पळायची सवय लागलेल्या माणसाला एक दिवस ‘आता स्वतःहून समोर ये’ म्हटलं तर पाय उचलत नाही. माफीच्या पहिल्या दिवसांत गर्दी बेताची का असते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. आधी जाऊन सुखरूप परत आलेला कोणीतरी दिसावा लागतो.

तंबू मात्र उत्तम. इंटरनॅशनल सिटीच्या पुढे, हट्ट्याच्या रस्त्याच्या बाजूला. सप्टेंबरातल्या उन्हात आत गेल्यावर एसीची गार हवा, बसायला खुर्च्या, प्यायला पाणी, बायकांची आणि कुटुंबांची वेगळी सोय. लहान मुलं घेऊन आलेल्या बायका बऱ्याच होत्या. इथेच जन्मलेली, शाळेच्या वयाची झालेली आणि एकही कागद नसलेली मुलंसुद्धा या माफीत बसत होती, आणि मला विचाराल तर ह्या एका कलमासाठी संपूर्ण माफीला मी मान देते. बाप दंडाच्या भीतीने लपतो, त्यात पोराचा जन्मदाखला राहतो, मग पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, शाळा नाही. काउंटरवरचे अधिकारी तरुण, बरेचसे हिंदी समजणारे. ओरडणं नाही, ‘का राहिलात’ अशी उलटतपासणी नाही. पोरीचे ठसे घेतले, फोटो काढला, बस.

आणि तिथेच एका बाजूला काही कंपन्यांनी नोकरीच्या मुलाखतींसाठी टेबलं मांडली होती. घरी जायला आलेल्या माणसाला दारातच काम विचारायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझ्याकडून वेगळा अर्धा तारा. पोरगी आउटपास घ्यायला आलेली. मी तिला त्या टेबलांकडे ढकललं. पार्लरचं काम नव्हतं, हाउसकीपिंगचं होतं. तिने नाक मुरडलं, मग पगार विचारला, राहायची जागा कंपनीची आहे का विचारलं, आणि आउटपासचा अर्ज तिथेच थांबवला. पुढे तिचा व्हिसा झाला. पासपोर्टची मुदत किती उरलीय याची आम्हाला काळजी होती, कारण एरवी सहा महिने लागतात. या माफीत ती अट एका महिन्यावर आणली होती. तिच्यासारख्या कितीजणांचं गाडं तेवढ्याने सुटलं असेल.

ज्यांना २०१८ ची माफी आठवते त्यांच्यासाठी एक तुलना. तेव्हा काम शोधायला सहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसा मिळायचा, २०२४ ला तसं काही नव्हतं. राहायचं तर मालक आधीच हातात हवा. मुदतीत मालक न सापडलेल्यांसाठी ही सेवा २०१८ पेक्षा तोकडी पडली. शेजारच्या कुवेतने त्याच वर्षी मार्च ते जून अशी माफी दिली, पण तिथे राहायचं असेल तर दंड भरूनच. फक्त जाणाऱ्याला सूट. त्या मानाने यूएईने राहणाऱ्यालाही पूर्ण माफ केलं, हे मोठेपण मान्य करायलाच हवं.

आता भावाकडे. त्याची फाइल आमेरमध्ये उघडली तर त्यात कामावरून पळून गेल्याची तक्रार निघाली. कंपनी बंद करण्याआधी मालकाने नोंदवून ठेवलेली. शेवटच्या तीन महिन्यांचा पगार न देता वर ‘हाच पळाला’ असं लिहून दिलं! भाऊ खुर्चीतून उठायलाच तयार नव्हता, आता पोलिस येणार म्हणून. पण अशी तक्रार असलेलेही माफीत बसत होते, ती काढून टाकली जात होती. त्याच काळात कामगार मंत्रालयानेही मालकांचे जुने दंड माफ केले होते, वर्क परमिट वेळेवर न केल्याचे वगैरे. मालक मंडळींना त्याचा फायदा झाला, चांगलं आहे. भावाचा बुडलेला पगार मात्र कुठल्याच माफीच्या रकान्यात नव्हता.

पासपोर्टचा मुद्दा जरा नीट वाचा, कारण इथे तुमचा मार्ग ठरतो. भावाचा पासपोर्ट संपलेला होता. वकिलातीकडे दोन पर्याय होते. एक इमर्जन्सी सर्टिफिकेट, ज्याला सगळे ईसी म्हणतात. ते माफीत फुकट होतं आणि साधारण दुसऱ्या दिवशी दुपारी हातात मिळायचं. पण ईसीवर फक्त भारतात जाता येतं, एकाच दिशेने. त्यावर नवा व्हिसा लागत नाही. दुसरा पर्याय कमी मुदतीचा पासपोर्ट, त्यासाठी वकिलातीच्या वतीने पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या बीएलएस कंपनीत अर्ज करायचा. राहायचं असेल तर पासपोर्टच हवा. म्हणजे ‘ईसी घेऊन ठेवू, मग बघू’ असं चालत नाही. भावाने ईसी घेतलं आणि त्याबरोबर राहायचा विचार संपला. अवीरच्या तंबूजवळही आपल्या वकिलातीचं मदत काउंटर होतं. तिथे अर्ज मराठीत समजावून सांगणारा कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं, पण रांगेतल्या एका सांगलीच्या काकांनीच ते काम अंगावर घेतलं होतं, स्वतःचा नंबर मागे टाकून.

टायपिंग सेंटरबद्दल लिहिल्याशिवाय ही समीक्षा पुरी होणार नाही. माफीचं शुल्क शून्य, पण अर्ज टाइप करणाऱ्याचे पैसे वेगळे, ते रास्तच आहे. आमच्याकडच्या एका सेंटरने (नाव घेत नाही) बिलात ‘स्पेशल सर्व्हिस’ अशी ओळ घातली. विचारलं, हे कसलं? “मॅडम, अ‍ॅम्नेस्टी अर्जंट.” म्हटलं, पावतीवर हेच शब्द लिहून द्या, मी ऑफिसात लावते. ती ओळ लगेच गेली. जो अर्ज करतोय तो मुळात घाबरलेला असतो, पावती मागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पावती मागा. त्याहून वाईट होता पोरीला फोनवर गाठलेला एजंट. सहा हजार दिरहमांत ‘माफी पॅकेज’: नोकरी, व्हिसा, सगळं. इथल्या कामगार कायद्यात भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, तो मालकाचा. तिच्या नव्या कंपनीने तो भरला, तिला फोटोंपलीकडे काही लागलं नाही. सहा हजार देणारी माणसं मात्र माझ्या माहितीत आहेत.

आता कापलेला तारा.

माफी ही इमिग्रेशनची असते. तिने तुमच्या आणि व्हिसा खात्याच्या मधला हिशेब शून्य होतो. बँकेचं क्रेडिट कार्ड, थकलेलं घरभाडं, वटला नाही असा चेक, कोर्टातला एखादा जुना दावा, हे सगळे रकाने जसेच्या तसे उभे राहतात. आउटपास मिळाला म्हणजे विमानतळ पार झाला असं नाही. पैशांच्या दाव्यात प्रवासबंदी लागलेली असेल तर पासपोर्ट काउंटरवर आउटपास असूनही माणूस थांबवला जातो. आणि आउटपासची मुदत सुरुवातीला होती १४ दिवस. या १४ दिवसांत बँकेशी तडजोड, कोर्टाचा कागद, बंदी उठल्याची नोंद, हे कोणाच्याने होणार? पुढे आउटपासची मुदत माफी संपेपर्यंत धरली जाऊ लागली, तेव्हा जरा श्वास मिळाला. पण पाट्यांवर, फलकांवर सगळीकडे एकच गोष्ट ठळक होती, दंड माफ. त्याखाली एक ओळ हवी होती की बाकीची देणी आधी तपासा. वाचणारा बांधकामावरचा माणूस असतो. ‘माफ’ या शब्दात त्याच्यासाठी सगळंच येतं.

भावाच्या डोक्यावर बँकेचं कर्ज होतं, अकरा हजारांचं, बरी नोकरी असताना काढलेलं. म्हणून आउटपासला हात लावायच्या आधी मी दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर त्याचा एमिरेट्स आयडी नंबर टाकून पैशांच्या केसची स्थिती बघितली. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. बंदी नव्हती. पण ते अ‍ॅप दुबईपुरतंच बोलतं. अबू धाबीसाठी तिथल्या न्याय खात्याची ‘इस्तफसर’ सेवा आहे. ज्याने चार अमिरातींत नोकऱ्या केल्या, त्याने सगळीकडे विचारून घ्यावं. मग बँकेत फोन. त्यांनी भारतातून हप्त्याने भरायला लेखी होकार दिला, आणि तो ईमेल छापून त्याच्या ईसीच्या पाकिटात ठेवला. विमानतळावर कोणी विचारला नाही. तरी ठेवला.

कोणाला ही सेवा मिळतच नव्हती, तेही सांगायला हवं, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त खोटी आशा दाखवली गेली. १ सप्टेंबर २०२४ नंतर ज्याचा व्हिसा संपला तो बाहेर. यूएईचा किंवा आखाती देशांपैकी कुठल्याही देशाचा हद्दपारीचा आदेश ज्याच्यावर आहे तो बाहेर. आणि ज्याने शिक्क्याशिवाय सीमा ओलांडून प्रवेश केला तो बाहेर. २०१८ ला या शेवटच्या लोकांना निदान दोन वर्षांच्या बंदीवर जाऊ दिलं होतं. २०२४ ला तेही नाही. भावाच्या रूमवर ओमानच्या बाजूने आलेला एक बिहारी मुलगा होता. सगळे तंबूत जाऊन आले, तो गेला नाही.

मुदतीबद्दल एक. ‘अजून वाढेल’ म्हणून थांबणारे फार. सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात आमेरमध्ये आम्ही बसल्याबसल्या नंबर लागला. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच सेंटरच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती, आणि मुदत वाढल्याची बातमी आल्यावर ती उठून घरी गेली. डिसेंबर संपता पुन्हा तीच गर्दी. मधल्या काळात तिकिटांचे दर कुठे गेले ते मुंबईचं विमान बघणाऱ्याला विचारा. जानेवारीत तपासण्या सुरू झाल्या.

माफ्या येतात, त्यांचं वेळापत्रक नसतं. १९९६, २००३, २००७, २०१२ च्या अखेरीस, मग २०१८, मग २०२४. २०२० मध्ये कोविडमुळे एक मुदत मिळाली ती वेगळी. ‘ताई, पुढची कधी’ असे फोन मला आत्तापासून येतात. मी त्यांना व्हिसाची तारीख विचारते. कालच संपला असेल तर आजच कामाला लागा. व्हिसा रद्द झाल्यावर प्रकाराप्रमाणे ३० पासून १८० दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, त्यात नोकरी शोधा किंवा निघा. त्यानंतर मीटर चालू.

एकंदरीत: जायचं असलेल्याला पाचापैकी साडेचार, मालक हातात असलेल्याला पाच, मालक शोधत असलेल्याला तीन, कर्जात बुडालेल्याला दोन, शिक्क्याशिवाय आलेल्याला शून्य. सरासरी काढायची माझी धंद्याची सवय बाजूला ठेवून मी चार देते. शून्यवाल्यांसाठी एवढंच: एजंटला फोन करू नका. वकिलातीच्या प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रात कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. तिथे आधी जा आणि कसे आलात ते खरं सांगा.